कामाचा फोन कोणी घ्यायचा?

गोंदिया जिल्ह्यातल्या रेल्वेमार्गावरच्या एखाद्या गावात, म्हणजे आमगाव, सालेकसा किंवा दरेकशाला, एकाच सकाळी तीन माणसे तीन तऱ्हेच्या फोनवर नोकरीचे काम करताना दिसू शकतात. अंगणवाडी सेविका मुलांची हजेरी आणि वजने ज्या फोनवर भरते, तो शासनाने दिलेला असतो. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचा फोटो काढून हजेरी चढवणारा रोजगार सेवक स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन वापरत आला आहे. स्टेशन मास्तरांच्या हातातला फोन कोणाचाही असो, त्यातला सीयूजी, म्हणजे कार्यालयीन गटाचा, नंबर रेल्वेचा असतो. मास्तरांची बदली झाली की नंबर त्या जागेवर येणाऱ्या माणसाकडे जातो.

कर्मचाऱ्याला फोन संस्थेने द्यावा की त्याने स्वतःचाच वापरावा, हा वाद मोठ्या शहरांतल्या कंपन्यांमध्ये २००९-१० पासून चालू आहे. तिथे त्याचा भर दोन गोष्टींवर असतो: कंपनीचा खर्च किती वाचेल आणि कंपनीची माहिती किती सुरक्षित राहील. गोंदियासारख्या जिल्ह्यातून पाहिले की एक तिसरी गोष्ट या दोन्हींच्या आधी उभी राहते. फोन विकत घेणे हा एका दिवसाचा खर्च आहे. रिचार्ज, बॅटरी, फुटलेला डिस्प्ले, भरलेली मेमरी, दर दोन-तीन वर्षांनी जुना पडणारा हँडसेट हा खर्च मात्र रोजचा आहे. माझे मत आधीच सांगतो. काम फोनशिवाय होणारच नसेल, तर फोनही मालकाने द्यावा आणि त्याचा हा रोजचा खर्चही मालकानेच उचलावा. नुसता फोन देऊन हात झटकणे हे न देण्यापेक्षा फारसे बरे नाही. हे महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक अंगणवाड्यांनी दाखवून दिले आहे.

ती हकिकत सविस्तर पाहण्यासारखी आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तेव्हापासून चाळीसहून अधिक वर्षे सेविकेची सगळी नोंद कागदावर होती. कुटुंब सर्वेक्षण, पूरक आहार, लसीकरण, गृहभेटी, वजन अशी अकरा रजिस्टरे तिला भरावी लागत. ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातल्या झुंझुनू इथून पोषण अभियान सुरू झाले आणि ही नोंद मोबाईलवर नेण्याचे ठरले. त्यासाठी ‘कॅस’ नावाचे सॉफ्टवेअर आले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना शासनाकडून स्मार्टफोन मिळाले. कल्पना चांगली होती. वजन भरले की मूल कुठल्या श्रेणीत आहे ते फोन सांगणार, कोणत्या गरोदर बाईकडे कधी गृहभेट द्यायची याची आठवण करून देणार, महिन्याच्या अहवालासाठी रात्र जागवावी लागणार नाही. रजिस्टरांवर हात दुखेपर्यंत लिहिलेल्या बायांना हे हवेच होते.

मग अडचण कुठे आली? फोन २ जीबी रॅमचे होते. फोनवर या क्षणी चालू असलेले काम रॅममध्ये मावावे लागते. त्यातला बराच भाग अँड्रॉइड आणि फोनबरोबर आलेली अ‍ॅपे आधीच अडवून बसतात. उरलेल्या जागेत शे-दीडशे लाभार्थ्यांची यादी, फोटो आणि नकाशा हाताळणारे अ‍ॅप चालवायचे म्हटले की फोन थांबतो, गरम होतो, अ‍ॅप मध्येच बंद पडते. सेविकांच्या भाषेत मोबाईल ‘हँग’ होतो. अ‍ॅपची दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्ती आधीपेक्षा जड असते. हँडसेट मात्र पहिल्या दिवशी जसा होता तसाच राहतो. २०१९ मध्ये कसाबसा चालणारा फोन २०२१ मध्ये चालेनासा होतो, तो याच कारणाने. शिवाय लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. पत्र्याच्या छताखाली चार्जिंगला लावलेल्या फोनची बॅटरी मुंबईतल्या त्याच फोनच्या बॅटरीइतकी टिकणार नाही, हे उघड आहे.

त्यातच सॉफ्टवेअर बदलले. २०२० मध्ये ‘कॅस’ बंद झाले आणि १ मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आले. सुरुवातीला ते इंग्रजीत होते. मराठी शाळेत दहावी झालेल्या सेविकेने झाडीपट्टीतल्या मुलांची नावे इंग्रजी स्पेलिंगने टाकायची, आणि ती आधार कार्डावरच्या स्पेलिंगशी जुळायला हवीत. दरम्यान फोनची वॉरंटी संपली होती. डिस्प्ले गेला, चार्जिंग पिन सैल झाली, तर दुरुस्ती स्वतःच्या पैशाने. फोन सरकारचा, दुरुस्ती बाईची, आणि काम अडले तर नोटीसही बाईलाच.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर ‘मोबाईल वापसी’ झाली. अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या कृती समितीच्या हाकेवर सेविकांनी हे फोन बालविकास प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मागणी साधी होती: चांगल्या क्षमतेचा फोन द्या आणि अ‍ॅप मराठीत द्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंतही गेले. पुढे अ‍ॅपमध्ये मराठी आली. फेब्रुवारी २०२३ च्या संपात नव्या फोनची मागणी पुन्हा पुढे होती. नोकरीसाठी मिळालेला फोन कर्मचाऱ्यांनी इतक्या मोठ्या संख्येने परत केल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. कंपन्यांमध्ये या विषयावर धोरण लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही घटना अभ्यासायला हवी.

फोन परत केल्यावर जो उपाय सुचवला जाई, तो इथे महत्त्वाचा आहे: ‘तुमच्या स्वतःच्या मोबाईलवर अ‍ॅप घ्या.’ प्ले स्टोअरवरून ते कोणालाही उतरवता येते, म्हणजे तांत्रिक अडचण नव्हती. अडचण पैशाची होती. मार्च २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पापर्यंत सेविकेचे मानधन महिन्याला ८,३२५ रुपये होते. त्या अर्थसंकल्पात ते १०,००० झाले. मिनी अंगणवाडी सेविकेचे ५,९७५ वरून ७,२०० आणि मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० झाले. पोषण ट्रॅकर नीट चालेल असा फोन दहा-बारा हजारांच्या खाली मिळत नव्हता. म्हणजे नोकरी करण्यासाठी एका महिन्याची पूर्ण कमाई हँडसेटमध्ये घालायची, आणि ती दर तीन वर्षांनी पुन्हा. शिवाय घरातला स्मार्टफोन एकट्या बाईचा नसतो. मुलगा त्यावर अभ्यास करतो, नवरा धान विक्रीच्या नोंदणीसाठी नेतो, सासूच्या पेन्शनचा ओटीपी त्यावरच येतो. असा फोन सकाळी दहा ते दुपारी दोन सरकारी कामाला बांधून ठेवणे म्हणजे साऱ्या घराचा फोन बांधून ठेवणे.

सेविका कायद्याच्या भाषेत मानधनी आहेत, कर्मचारी नव्हेत, असे सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्या निकालाचा फोनशी थेट संबंध नाही. पण ज्यांच्या कामाला ग्रॅच्युइटी लागू होते, त्यांच्या कामाचे साधन त्यांनी घरून आणावे ही अपेक्षा टिकणारी नाही, असे मला वाटते.

आता रोजगार सेवक. केंद्राने ‘एनएमएमएस’ हे हजेरीचे अ‍ॅप मे २०२१ मध्ये आणले. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे सोडून, रोजगार हमीच्या सगळ्या कामांवर ते सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा, कामाच्या जागेवर, मजुरांचा जिओ-टॅग असलेला फोटो चढवायचा. गोंदियात बोडी खोलीकरण, पांदण रस्ता, मजगी अशी कामे मोठ्या प्रमाणावर चालतात. ती गावापासून दूर, शेतशिवारात किंवा जंगलाच्या कडेला असतात. फोटो चढला नाही तर मजुराची हजेरी लागत नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. एवढी जबाबदारी ज्या फोनवर आहे, तो फोन खेड्यातल्या एका तरुणाने हप्त्यावर घेतलेला असतो. त्याचा फोन बिघडला तर वीस-तीस घरांची मजुरी अडते.

शेतीत हा हिशेब आपल्याला फार पूर्वीपासून कळतो. नुसता माणूस कामाला आला तर मजुरी वेगळी आणि नांगर-बैल घेऊन आला तर मजुरी वेगळी. बैल कोणाचा, त्याचा चारा कोणाचा, हे न ठरवता कोणी चिखलणीला उतरत नाही. स्वतःचा स्मार्टफोन घेऊन कामाला येणारा माणूस नांगर-बैलासह आलेला असतो, पण मजुरी त्याला नुसत्या माणसाची मिळते.

‘तसाही तू रिचार्ज मारतोसच की’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. नेमका हाच मुद्दा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ऑगस्ट २०१४ मध्ये अपील न्यायालयासमोर आला होता. गोठवलेले अन्न घरपोच विकणाऱ्या श्वान्स होम सर्व्हिस या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांना फोन करण्यासाठी स्वतःचा मोबाईल वापरावा लागे. कंपनीकडून त्याचे काही मिळत नसे. न्यायालय म्हणाले की फोन कामासाठी वापरणे भाग असेल, तर बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने दिलाच पाहिजे. कर्मचाऱ्याचा प्लॅन अमर्याद कॉलचा असला आणि कामामुळे एक पैसाही जास्त लागला नसला तरी द्यायचा. इतकेच काय, बिल घरातल्या दुसऱ्या कोणी भरले असले तरीही. कारण तो खर्च टळला तर त्याचा फायदा मालकाला फुकट मिळतो. आपल्या कामगार कायद्यात फोनच्या बिलाचे नाव घेणारे असे कलम नाही. आपल्याकडे हा प्रश्न परिपत्रकाने सुटतो, नेमणूक पत्राने सुटतो, किंवा मालकाच्या मनावर राहतो.

मालकाने भत्ता द्यायचे ठरवले तर एका लहानशा गोष्टीकडे लक्ष द्यावे. आपले बरेचसे प्रीपेड प्लॅन २८ दिवसांचे असतात. वर्षाला असे तेरा रिचार्ज लागतात. भत्ता महिन्याच्या हिशेबाने दिला तर बारा मिळतात आणि तेरावा कर्मचाऱ्याच्या खिशातून जातो. दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन तीस दिवसांचा ठेवायला सांगितला, तो याच तक्रारीतून. कर्मचाऱ्याच्या बाजूने एक चांगली गोष्टही आहे. मालकाने नोकरीसाठी केलेला टेलिफोन आणि मोबाईलचा प्रत्यक्ष खर्च १९६२ च्या आयकर नियमांत करपात्र सुविधांमधून वगळलेला होता. म्हणजे बिल मालकाने भरले तर ती रक्कम पगारात मोजायची नाही. नुसता ‘मोबाईल भत्ता’ म्हणून ठराविक रक्कम पगारात मिळवली की मात्र तो पगारच धरला जातो. तेव्हा बिलावर परतफेड करणे दोघांच्याही सोयीचे.

हँडसेटवर एवढा वाद होतो, पण धंद्याच्या दृष्टीने त्याहून मौल्यवान वस्तू नंबर आहे. तिकडे कोणी फारसे पाहत नाही. गोंदिया शहरातल्या आणि आसपासच्या राईस मिलचे उदाहरण घेऊ. मिलची विक्री सांभाळणारा मुलगा नागपूर, रायपूर, हैदराबादच्या व्यापाऱ्यांशी दिवसभर बोलतो. भाव व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, तांदळाच्या नमुन्याचे फोटो जातात, गाडीचा नंबर आणि चालानही तिथेच जाते. पाच वर्षांनी तो मुलगा शेजारच्या मिलमध्ये गेला की पाच वर्षांचा हा सगळा व्यवहार त्याच्या खिशात बसून जातो. त्याने काही गैर केले असे नाही. नंबर त्याचाच होता. व्यापारी पुढच्या हंगामात सवयीने त्याच नंबरवर फोन करतो, एवढेच.

उलट बाजूची अडचण याहून वाईट असते. छोट्या मिलमध्ये जीएसटी पोर्टलचा, बँकेचा, कधी वीजबिलाचाही ओटीपी मुनीमजींच्या खासगी नंबरवर येत असतो, कारण दहा वर्षांपूर्वी अर्ज त्यांनी भरला होता. मुनीमजी आजारी पडले की विवरणपत्र अडते. ते नोकरी सोडून गेले तर मालकाला स्वतःच्याच खात्यात शिरण्यासाठी बँकेत हेलपाटे. तो नंबर काही महिने रिचार्जविना पडून राहिला, तर प्रकरण आणखी बिघडते. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग मिलच्या खात्याचा ओटीपी कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाईल.

रेल्वेने हे फार आधी ओळखले. तिथे सीयूजी नंबर पदाला जोडलेला असतो. १ जानेवारी २०१९ रोजी रेल्वेने ही सेवा एअरटेलकडून जिओकडे नेली, तरी पद आणि नंबर यांची ही जोडी तशीच राहिली. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन. इथून किती अधिकारी आले-गेले, पण कंट्रोलला ज्या नंबरवर बोलायचे तो नंबर त्यांच्याबरोबर बदलीवर गेला नाही. राईस मिल, कापड दुकान, सहकारी पतसंस्था, खासगी दवाखाना या सगळ्यांना हे जमण्यासारखे आहे. सिम संस्थेच्या नावाने घ्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासून संस्थेच्या नावाने जोडणी घेतली तरी ती प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाचीही केवायसी करावी लागते. त्यामुळे सिम कोणाकडे आहे याची नोंद आपोआप राहते. ते सिम कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या दोन सिमच्या फोनमध्ये घातले, तर लहान धंद्याला हँडसेटचा खर्चही लगेच करावा लागत नाही. नंबर मिलचा, फोन मुलाचा, आणि त्या फोनची झीज म्हणून दरमहा ठरलेली रक्कम.

अशा वेळी कर्मचाऱ्याने एक पथ्य कटाक्षाने पाळावे. मालकाच्या सिमवर स्वतःचे बँक खाते, यूपीआय, आधार किंवा मुलांच्या शाळेची नोंदणी कधीही करू नये. नोकरी सुटते त्या दिवशी सिम परत जाते, आणि सिमबरोबर आपल्या पैशाची किल्लीही जाते. पुन्हा आधार केंद्राच्या रांगेत उभे राहून नंबर बदलण्याचा त्रास ज्यांनी काढला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

फोन स्वतःचा असला की मालकाची माहिती आपल्याकडे येते आणि आपली माहिती मालकाकडे जाण्याचा रस्ताही उघडतो. ही दुहेरी गोष्ट आहे. सेविकेच्या फोनवर गावातल्या गरोदर बायांची नावे, त्यांचे आधार क्रमांक, मुलांची वजने असतात. हे सगळे खासगी फोनच्या गॅलरीत गेले, तर ते गुगल फोटोवर आपोआप चढू शकते. घरातले कोणीही ते पाहू शकते, आणि पुढे फोन जुन्या बाजारात विकला तर तिथेही जाऊ शकते. यात सेविकेचा दोष नाही. गावाच्या आरोग्याची माहिती खासगी फोनवर ठेवायला लावणे हाच दोष आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर ती जपण्याची जबाबदारी टाकतो. फोन कर्मचाऱ्याचा आहे, एवढ्याने ती जबाबदारी संपत नाही.

दुसरी बाजू पाळतीची. कंपन्या कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये एक व्यवस्थापन सॉफ्टवेअर टाकतात. त्यातून फोन दुरून कुलूपबंद करता येतो, काही वेळा पूर्ण पुसताही येतो. फोन कंपनीचा असेल तर ते समजण्यासारखे आहे. खासगी फोन पुसला गेला तर लेकीच्या लग्नाचे फोटोही जातात. यावर तांत्रिक तोडगा बराच जुना आहे. अँड्रॉइडच्या २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ‘वर्क प्रोफाइल’ची सोय आहे. कामाची अ‍ॅपे वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्या चिन्हावर बॅगेची छोटी खूण दिसते, आणि मालकाला फक्त तोच कप्पा पुसता येतो. खासगी फोटो, संदेश, कॉल त्याच्या हाती लागत नाहीत. संध्याकाळी तो कप्पा एका बटणाने बंदही करता येतो. स्वतःचा फोन कामाला द्यायचा असेल तर कर्मचाऱ्याने हे मागून घ्यावे. मात्र २-३ जीबी रॅमच्या फोनवर दोन कप्पे जड होतात. गरिबाच्या फोनवर ही सोय नीट चालत नाही, आणि सोयीची गरज त्यालाच जास्त असते.

संस्थेने दिलेल्या साधनावर पाळत नसते असे मुळीच नाही. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली होती. कामगार कुठल्या गल्लीत किती वेळ होता हे कार्यालयात बसून दिसावे, हा हेतू. पण घड्याळ निदान काम संपल्यावर काढून ठेवता येते. खासगी फोनमधले हजेरीचे अ‍ॅप घरी, देवळात, दवाखान्यात बरोबरच असते. मे २०२० मध्ये केंद्राने सगळ्या कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये ‘आरोग्य सेतू’ हे कोविडचे अ‍ॅप असल्याची जबाबदारी कार्यालयप्रमुखांवर टाकली होती. दोन-अडीच आठवड्यांतच ती भाषा ‘शक्य तो प्रयत्न करा’ इथपर्यंत सौम्य करावी लागली. माणसाच्या स्वतःच्या फोनवर सक्ती कुठवर चालते, याची मर्यादा तेव्हा दिसली. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, याचाही विसर पडू नये.

स्वतःच्या फोनच्या बाजूने एक जोरदार मुद्दा आहे आणि तो गोंदियात जास्तच खरा आहे. तो म्हणजे रेंज. जिल्ह्याच्या एका बाजूला मध्य प्रदेशातले बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. देवरी तालुक्यातले चिचगड, अर्जुनी मोरगावातले केशोरी, सालेकशाचा डोंगराळ भाग इथे एका कंपनीचे नेटवर्क मिळते तर दुसरीचे मिळत नाही, आणि टोल्याटोल्यावर ते बदलते. सीमेवरच्या गावात फोन शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो. मुख्यालयात बसून सगळ्यांसाठी एकाच कंपनीची सिमे घेतली, तर निम्म्या गावांत ती झाडावर चढूनही चालणार नाहीत. कुठले सिम कुठल्या टोल्यावर चालते, हे त्या गावातल्या माणसालाच ठाऊक असते. जुलै २०२२ मध्ये केंद्राने बीएसएनएलमार्फत देशातल्या २४,६८० गावांत फोरजी पोहोचवण्याची २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. यावरून नेटवर्क नसलेली गावे किती होती याचा अंदाज येतो. म्हणून संस्थेने फोन द्यावा, पण सिम निवडण्याची मोकळीक वापरणाऱ्याला द्यावी. कामाचे अ‍ॅप नेटवर्क नसतानाही माहिती साठवून ठेवणारे आणि रेंज आल्यावर पाठवणारे असावे. या दोन गोष्टी केल्या तर दुर्गम भागातल्या निम्म्या तक्रारी मिटतील.

वेगळ्या फोनचा आणखी एक फायदा पैशात मोजता येत नाही. तो बंद करता येतो. रात्री नऊ वाजता गटावर संदेश येतो: ‘उद्या सकाळी दहापर्यंत माहिती पाठवा.’ फोन एकच असेल तर तो संदेश स्वयंपाकघरात, जेवणाच्या ताटाशी पोहोचतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून मोकळे राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये असेच खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. कायदा झाला नाही. पण दोन फोन असलेला माणूस निदान एक फोन कपाटात ठेवून झोपू शकतो.

अंगणवाडीच्या फोनचा प्रश्न अजून संपलेला नाही. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा पोषण ट्रॅकरमध्ये पडताळणे सक्तीचे झाले. म्हणजे फोनला आता चांगला कॅमेरा हवा, चेहरा ओळखण्याइतकी ताकद हवी आणि त्या क्षणी नेटवर्कही हवे. नोंदणीच्या वेळी ओटीपी लाभार्थी बाईच्या फोनवर जातो. तिच्याकडे फोन नसेल, किंवा तो मजुरीला गेलेल्या नवऱ्याजवळ असेल, तर ती संध्याकाळी पुन्हा येते. अ‍ॅपमध्ये अशी प्रत्येक नवी अट घालताना एक प्रश्न विचारायला हवा: हे कोणत्या फोनवर चालेल, आणि तो फोन बदलण्याचे पैसे कुठल्या तरतुदीतून येणार? २०१९ मध्ये फोन वाटले तेव्हा दुरुस्तीचे केंद्र तालुक्याला कुठे असेल, वॉरंटी संपल्यावर काय करायचे, बॅटरी कोण बदलून देईल, याची उत्तरे फोनच्या खोक्यात नव्हती.

राईस मिलचा मालक असो की पतसंस्थेचा व्यवस्थापक, फोन देताना त्याने एक कागद जरूर करावा. हँडसेट कोणाचा, सिम कोणाच्या नावाचे, महिन्याचा रिचार्ज कोण मारणार, पडून फुटला तर पैसे कोणाचे आणि कामावर असताना फुटला तर कोणाचे, किती वर्षांनी बदलून मिळणार, संध्याकाळी किती वाजल्यानंतर फोन उचलायची सक्ती नाही, आणि नोकरी सोडताना व्हॉट्सअ‍ॅप कसे हस्तांतरित करायचे. मराठीत लिहिलेले एक पान पुरते. दोघांनी सही करून एक प्रत कर्मचाऱ्याच्या घरी राहू द्यावी.